खेळ, गोष्ट आणि पाठ

(केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आज मला नेमून दिलेला विषय आपणांपैकी कोणासही नवा नाही. खेळातून शिकवावे, गोष्टीतून शिकवावे, हे आपण अध्यापक विद्यालयात असल्यापासून ऐकत आलो आहोत. जर्मनीत फ्रबेलने १८३७ साली लहान मुलांसाठी संस्था काढली, तिचा पायाच खेळ हा होता. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरास बालमंदिर सुरू केले आणि पुढे ‘दिवास्वप्न’ ह्या पुस्तकात चौथीचा वर्ग वर्षभर हाती घेणाऱ्या एका शिक्षकाची कहाणी लिहिली. तो शिक्षक वर्गाचा आरंभ गोष्टींनी करतो. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस आणि १९५७ पासून कोसबाडास अनुताई वाघ यांच्यासह जे काम केले, त्यात शिंपले, बिया, पाने हीच शैक्षणिक साधने होती. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळाही चालविली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने कृतीतून व शोधातून शिकण्याचे तत्त्व मान्य केले आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ३ ते ८ वर्षे वयाच्या मुलांचे शिक्षण खेळावर आधारलेले असावे असे सांगितले.

तेव्हा खेळ घ्यावा की न घ्यावा, हा वाद आता उरलेला नाही. आपण जो खेळ घेतो, जी गोष्ट सांगतो, तीत शिकणे नेमके कोठे आहे, एवढाच प्रश्न मी आज आपणांपुढे ठेवणार आहे.

शाळाभेटीत एक दृश्य वारंवार पाहावयास मिळते. संगीत खुर्ची चालू असते. जो बाद होतो त्याला गुरुजी पाढ्यावरचा प्रश्न विचारतात. मुले आनंदात असतात आणि पाठटाचणावर ‘खेळातून गणित’ अशी नोंद होते. परंतु ह्या खेळातून पाढे काढून टाकले तर काय बिघडते? काहीच नाही, खेळ होता तसाच चालतो. उलट, प्रश्न वाट्यास येतो तो हरलेल्याच्या, म्हणजे पाढा ही शिक्षा आहे असा धडा मुले नकळत घेतात. म्हणून खेळ निवडताना आपण एक कसोटी लावावी. विषय काढून घेतला असता खेळ थांबतो काय? थांबत असेल तर विषय खेळाच्या नियमातच आहे. थांबत नसेल तर तो वरून चिकटविलेला आहे.

नियमातच विषय असलेल्या खेळाचे एक उदाहरण देतो. तुरीच्या सारख्या लांबीच्या काड्या आणि सुतळीचे तुकडे घ्यावेत. तीन चिंचोके मधोमध फोडून त्यांची सहा अर्धुके फाशासारखी टाकावयाची. जितक्यांची पांढरी बाजू वर, तितक्या काड्या उचलावयाच्या. नियम एकच : कोणीही नऊपेक्षा अधिक सुट्या काड्या जवळ बाळगावयाच्या नाहीत. दहा झाल्या की जुडी बांधून डाव्या हातास ठेवावयाची. ज्याच्या आठ काड्या आहेत आणि ज्याला पाच पडले, तो स्वतःच जुडी बांधतो आणि तीन सुट्या ठेवतो. ‘हातचा एक’ म्हणजे काय हे त्याला निराळे सांगावे लागत नाही; ती जुडी त्याने स्वतः बांधलेली असते. दुसऱ्या आठवड्यात हाच खेळ उलट खेळावा. प्रत्येकाजवळ पाच जुड्या द्याव्यात आणि चिंचोके पडतील तितक्या काड्या परत करावयास सांगाव्यात. सुट्या काड्या संपल्या की जुडी सोडण्यावाचून गत्यंतर नसते. वजाबाकीत दशक सुटा करावयाचा तो हाच. ह्या खेळातून दशकाचा नियम काढा, खेळ तेथेच संपतो.

आपल्या गावच्या खेळांत असा विषय कितीतरी भरलेला आहे. सात सागरगोटे घेऊन खेळणारी मुलगी एक वर उडविते आणि खाली उरलेले सहा उचलते. आधी एकेक, मग दोनदोन असे तीन वेळा, मग तीनतीन असे दोन वेळा, मग चार आणि उरलेले दोन, मग पाच आणि उरलेला एक, शेवटी सहाही एकदम. भागाकार आणि बाकी ह्यांची ही उजळणी ती रोज ओसरीवर करीत असते. वर्गात मात्र तीच मुलगी ‘सहास चाराने भागले तर बाकी किती’ ह्या प्रश्नाशी अडते, कारण हातातील सागरगोटा आणि फळ्यावरील खूण ह्यांचा संबंध कोणी जोडून दिलेला नसतो. तो जोडून देणे हेच आपले काम होय. तिला सागरगोटे आणावयास सांगा, वर्गासमोर खेळू द्या आणि प्रत्येक डावाबरोबर एकेक मांडणी फळ्यावर लिहा.

विटीदांडूचेही तसेच आहे. विटी जेथे पडते तेथून खळीपर्यंतचे अंतर दांडूने मोजतात. दोन गटांस मुद्दाम लहानमोठे दांडू द्या आणि एकच अंतर मोजावयास सांगा. एका गटाचे अठरा दांडू भरतील, दुसऱ्याचे बावीस. मुले भांडू लागतील. ते भांडण लगेच मिटवू नका. जागा तीच असता उत्तरे दोन का आली? ज्याचे माप कमी भरले त्याचा दांडू लांब की आखूड? हे प्रश्न मुलांनीच सोडवावेत. मग मीटरपट्टी पुढे करावी. १९५६ च्या कायद्याने देशभर एकच दशमान माप का स्वीकारले गेले, हे त्या दिवशी पाचवीच्या मुलास समजते. ह्याच खेळात अनेक गावी ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असे मोजतात. उच्चार गावोगावी बदलतात. तेलुगु भाषेत एक ते चार ह्यांना ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु म्हणतात. मुलांनी आपल्या गावचे शब्द पाटीवर लिहावेत, शेजारी तेलुगु शब्द लिहावेत आणि नकाशात तेलंगण व आंध्र शोधावे. एका दांडूने गणित, भाषा आणि भूगोल असे तीन विषय साधतात, आणि खर्च काही नाही.

आता एक अडचण सांगतो, तिच्याकडे आपले फार दुर्लक्ष होते. बहुतेक खेळांत ‘बाद’ होण्याचा नियम असतो. ज्याला कमी येते तो आधी बाद होतो आणि उरलेला वेळ भिंतीशी बसून इतरांचा खेळ पाहतो. म्हणजे ज्याला सरावाची गरज सर्वांत जास्त, त्यालाच सराव सर्वांत कमी. म्हणून शैक्षणिक खेळात गुण जावा, पण पाळी जाऊ नये.

पाळ्यांचा हिशेबही करून पाहावा. वर्गात चोवीस मुले आहेत, खेळास वीस मिनिटे आहेत आणि एका पाळीस अर्धे मिनिट लागते असे धरू. सर्व वर्गाचा एकच खेळ घेतला तर चाळीस पाळ्या होतात. एका मुलाच्या वाट्यास धड दोनही येत नाहीत. चौघांचे सहा गट केले तर प्रत्येक गटात चाळीस पाळ्या होऊन प्रत्येक मुलास दहा मिळतात. वेळ तेवढाच आणि मुलेही तीच, पण सराव सहा पट होतो. दोनशिक्षकी शाळेत तर हा मोठाच आधार आहे. चौथीच्या मुलांस नियम नीट शिकवून ठेवला तर दुसरीचे गट ती सांभाळतात आणि तेवढ्या वेळात गुरुजींस तिसरीच्या वाचनाकडे पाहता येते.

आता गोष्टीकडे वळू. येथेही कसोटी तीच. गोष्ट सांगून झाल्यावर ‘तात्पर्य काय’ असे विचारण्याची आपली जुनी सवय आहे. मुले तात्पर्य पाठ म्हणतात आणि गोष्ट तेथे मरते. पंचतंत्राचीच रचना पाहा. अमरशक्ती राजाच्या तीन पुत्रांस सहा महिन्यांत शहाणे करण्याचे विष्णुशर्म्याने पत्करले. त्याच्या ग्रंथात एक पात्र काही बोलते, दुसरे विचारते की हे कसे घडले, आणि त्या विचारण्यावर नवी गोष्ट सुरू होते. प्रश्न ऐकणाऱ्याचा असतो. आपल्या वर्गात तो नेहमी सांगणाऱ्याचा झाला आहे.

ह्यासाठी गोष्ट पेचाशी आणून थांबवावी. बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट घ्या. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत चौसष्ट घरे भरून द्यावीत, एवढेच मागणे शहाण्याने राजाजवळ मागितले. येथे थांबा आणि विचारा, राजाने हो म्हणावे काय? बहुतेक मुले हो म्हणतील. मग ज्वारीचे दाणे द्या. पहिल्या ओळीच्या आठ घरांत मिळून २५५ दाणे लागतात, तोवर मुलांस मौज वाटते. दहाव्या घरात ५१२ होतात. विसाव्या घरात ५,२४,२८८ येतात, तेव्हा वर्गातील पोते पुरणार नाही हे मुलांच्या ध्यानात येते आणि राजाचे काय होणार हे ती स्वतःच सांगू लागतात. गुणाकार येथे गोष्टीच्या पोटातच आहे. तो केल्याशिवाय शेवट कळत नाही.

पहिलीतील चिमणी-कावळ्याची गोष्ट आपण सारे सांगतो. पावसात कावळ्याचे शेणाचे घर वाहून जाते आणि चिमणीचे मेणाचे घर टिकते. एका थाळीत शेणाचा व मेणाचा गोळा ठेवून मुलांस पाणी ओतू द्या. मग विचारा, पाऊस थांबून चैत्राचे ऊन पडले तर कोणाचे घर टिकेल? दोन्ही गोळे उन्हात ठेवा आणि दुपारी पाहा. मऊ पडलेले मेण पाहून मुले गोष्टीचा दुसरा भाग आपण होऊन रचतील. तो त्यांच्या शब्दांत फळ्यावर लिहून घ्या आणि त्यांच्याकडूनच वाचवून घ्या. मूल घरी अहिराणी, कोकणी, भिली वा गोंडी बोलत असेल तर त्याचे शब्दही तसेच लिहावेत. पुस्तकी शब्द शेजारी लिहावा, त्याचा शब्द पुसू नये. स्वतःच्या तोंडचे वाक्य वाचताना मूल अडखळत नाही, आणि न अडखळता वाचल्याचा पहिला अनुभव त्याला पुष्कळ दूर नेतो.

इतिहासाच्या गोष्टींविषयी मात्र सावधगिरीची सूचना करतो. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे यांनी कोंढाणा घेतला आणि त्या लढाईत ते कामी आले, हा इतिहास होय. घोरपडीची कथा पोवाड्यातून आली आहे आणि इतिहासकार तिला दंतकथा मानतात. ती सांगू नये असे मी म्हणत नाही. ती सांगताना ‘असे सांगतात’ म्हणावे आणि लढाई सांगताना ‘असे घडले’ म्हणावे. हा भेद चौथीच्या मुलास कळतो. तो एकदा कळला की पुढे ऐकीव गोष्टीची शहानिशा करण्याची सवय त्याला लागते.

खेळ आणि गोष्ट ह्यांनंतर दोन पायऱ्या राहतात, त्या सोडू नयेत. पंधरावीस मिनिटांचा खेळ संपला की पाच मिनिटे बोलणे व्हावे : तू जुडी केव्हा बांधलीस, का बांधलीस? त्यानंतर दहा मिनिटे लिहिणे व्हावे : आत्ता केलेली बेरीज पाटीवर मांड. बोलणे नसेल तर कृतीचा अर्थ उमगत नाही आणि लिहिणे नसेल तर अंगणातील ज्ञान अंगणातच राहते. ‘पोरे शाळेत नुसती खेळतात’ ही पालकांची तक्रार आपण सर्वांनी ऐकली आहे. तिचेही उत्तर येथेच आहे. मूल घरी जाऊन ‘आज खेळलो’ एवढेच सांगत असेल तर तक्रार रास्त आहे. ‘आज मी जुडी सोडून वजाबाकी केली’ असे ते सांगू शकले आणि आईसमोर काड्या मांडून दाखवू शकले, तर तक्रार उरणार नाही.

शेवटी, हे सारे कोणासाठी, हे आपण ध्यानात ठेवावे. हुशार मूल कोणत्याही पद्धतीने शिकते. आपल्या पटावर ऊसतोडणीस आईबापांबरोबर जाऊन अनेक महिन्यांनी परतणारी मुले असतात. ती येतात तेव्हा वर्ग पुस्तकात पुष्कळ पुढे गेलेला असतो. त्या मुलाच्या हाती पुस्तक दिले तर पहिल्याच दिवशी त्याचे मागे पडणे उघडे होते, आणि दोनचार दिवसांत ते येईनासे होते. परंतु चौघांच्या गटात बसून चिंचोके टाकण्यास त्याला कोणी अडवू शकत नाही. पहिल्या पाळीस ते इतरांइतकेच खेळकरी असते. तेथून पाचव्या-सहाव्या पाळीस त्याला काय येते आणि काय येत नाही हे आपणांस कळते, आणि त्याला मात्र आपली परीक्षा चालली आहे असे वाटत नाही. असे मूल शाळेत टिकणे हे पुष्कळदा त्या पहिल्या आठवड्यावर अवलंबून असते.

माझी विनंती एवढीच आहे. पुढील परिषदेस प्रत्येक शाळेने आपल्या गावचा एक खेळ नियमांसह कागदावर लिहून आणावा, आणि त्याखाली दोन ओळी लिहाव्यात : ह्यात विषय कोणत्या नियमात आहे, आणि एका मुलास वीस मिनिटांत किती पाळ्या मिळतात. ते कागद आपण एकत्र वाचू आणि जे खेळ कसोटीस उतरतील ते केंद्रातील सर्व शाळांस पाठवू.