नव्या संघाला पहिला हात

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी ‘रोबोकॉन’ ही यंत्रमानवांची स्पर्धा आशिया-प्रशांत प्रसारण संघाने २००२ साली टोकियोत सुरू केली. २००८ साली तिचे आंतरराष्ट्रीय सामने पुण्यात झाले. त्या वर्षीचा खेळ आपल्या दहीहंडीवर रचला होता. मडक्यांतले लोणी यंत्रांनी मिळवावयाचे होते. अशा स्पर्धेत प्रथमच उतरणाऱ्या संघाला साहाय्य कसे करावे, याविषयी आज थोडे सांगावयाचे आहे.

या स्पर्धेत दर वर्षी खेळ नवा असतो. यजमान देश तो ठरवितो. तेव्हा जुने आणि नवे संघ एकाच रेषेवरून निघतात, असे वाटणे साहजिक आहे. वस्तुतः तसे नसते. खेळ कोणताही असो, यंत्राला चालावे लागते, वळावे लागते आणि ठरल्या जागी थांबावे लागते. जुन्या संघाला एवढे साधलेले असते. नवा संघ मात्र नियमपुस्तिका हाती पडताच वस्तू उचलणाऱ्या हाताच्या मागे लागतो, आणि चाके अखेरपर्यंत अडखळत राहतात. म्हणून पहिला सल्ला हा की, पहिल्या महिन्यात केवळ चालणारी बैठक तयार करावी. ती मनासारखी फिरू लागली की मुलांना धीर येतो. ज्या संघाचे यंत्र पहिल्या वर्षी जागचे हललेच नाही, तो दुसऱ्या वर्षी बहुधा परतत नाही.

दुसरी गोष्ट अनुभवाची. मोटर सुरू होताना एकदम मोठा विद्युत्प्रवाह ओढते. बॅटरीचा दाब क्षणभर उतरतो आणि तिच्यावरच चालणारा नियंत्रक बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. नवखी मुले आज्ञावलीतील चूक शोधण्यात रात्रीच्या रात्री घालवितात. एखादा जाणता विद्यार्थी जवळ असेल, तर तो दाबमापक लावून खरे कारण थोड्याच वेळात दाखवून देतो.

परंतु दाखवून देणे निराळे आणि करून देणे निराळे. पाहुण्याने स्वतः तारा जोडल्या, तर यंत्र त्या दिवशी चालेल, पण तो परतल्यावर पहिली तार सुटताच सारे थांबेल. पकड नवख्याच्याच हाती असावी, जाणत्याने शेजारी उभे राहून विचारावे, “आता कोठे मोजशील?” यास वेळ लागतो, हे खरे, पण विद्या अंगी मुरते ती याच वाटेने.

अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. तेवढ्या अवधीत संघातील मुलांची सारी पिढी बदलते आणि लिहून न ठेवलेले ज्ञान तिच्याबरोबर निघून जाते. यासाठी जुन्या मोटरी व चाके यांच्याइतकीच एक वही मोलाची देणगी ठरते. काय मोडले, का मोडले आणि पुढे काय केले, एवढे तीत असले तरी पुरे.

दहीहंडीत खालच्या थराने खांदा द्यावयाचा असतो. हंडीला हात मात्र वर चढलेल्यानेच घालावयाचा.