तळघरातले पाणी



पाण्याचा विषय निघाला की पुणेकराला १२ जुलै १९६१ आठवतो. पानशेतचे धरण फुटले त्या दिवशी माझ्या वडिलांची पत्रे माळ्यावर होती, म्हणून वाचली. तीच पत्रे पुढे मुलाबरोबर न्यू जर्सीला गेली आणि तेथे घरातल्याच पाण्यात भिजली.

तिकडे घराखाली तळघर असते. पाणी तापवण्याची टाकी बहुधा तेथेच असते. साधारण १५० ते १९० लिटरांची. तेवढेच पाणी सांडले तर बादल्यांनी उपसता येईल. पण टाकी फुटली तरी थंड पाण्याची नळी तिच्यात पाणी सोडीतच राहते. रात्रभर कोणाला कळले नाही, की तळघराचा हौद होतो. आमचे तसेच झाले.

अशा वेळी पाण्यात पाय घालण्यापूर्वी वीज तोडावी. विजेचा फलक तळघरातच असेल, तर खाली न उतरता वीजवाल्याला बोलवावे. मग टाकीकडे येणारे पाणी बंद करावे आणि नंतर उपसा करावा. मुलाने दुपारपर्यंत पंपाने पाणी काढले, फरशी पुसली आणि म्हणाला, "बाबा, झाले काम." मीही मान डोलावली. दोघेही चुकलो.

तेथील भिंती जिप्समच्या तक्त्यांच्या, वर कागद चढवलेल्या. समईची वात तेल ओढते तशा त्या पाणी वर ओढतात. ओलीला २४ ते ४८ तासांत बुरशी धरू लागते. चौथ्या दिवशी कुबट वास सुटला. शेवटी तक्त्यांचा खालचा भाग कापून काढला, आतला भिजलेला कापूस फेकला, आणि पंखे व ओल शोषणारे यंत्र कित्येक दिवस चालवले. आतले लाकूड कोरडे झाल्यावरच नवे तक्ते बसवले.

आणि पत्रे? ओला गठ्ठा मी घाईने सोडवू गेलो, दोन पत्रे हातात फाटली. मग एका जाणकाराने सांगितले, "उरलेली पिशवीत घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवा." थंडीत बुरशी वाढत नाही, वाळवायला सवड मिळते. बाकीची वाचली. ती दोन मात्र गेली.

टाकी का फुटली? पोलादाच्या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजते आणि पोलादाला गंजू देत नाही. ती संपली की टाकीची पाळी येते. आमच्या कांडीकडे बारा वर्षांत कोणी पाहिले नव्हते.

मंडळी, आपल्याकडच्या साठवणीच्या गीझरमध्येही बहुधा अशी कांडी असते. उद्या तेवढी तपासून घ्या, म्हणजे माझे आजचे बोलणे कारणी लागले.