कचेरीतील वर्गणी आणि एड्सचा लढा

कचेरी म्हटली की वर्गणी आलीच. कुणाची बदली होते, कुणी निवृत्त होते, कुणाकडे कार्य निघते, नाहीतर श्रावणात सत्यनारायण घालावयाचा ठरतो. आणि मग दुपारच्या चहाच्या सुमारास एक कागद टेबलाटेबलावरून फिरू लागतो. पहिल्या ओळीत साहेबांचे नाव आणि त्यापुढे आकडा. त्या आकड्याकडे एक डोळा ठेवून बाकीची मंडळी आपापला आकडा ठरवतात. कुणी हसत देतो, कुणी ‘पहिली तारीख होऊ द्या’ म्हणतो, आणि कुणी कागद समोर येताच फायलीत डोके खुपसतो. ७ डिसेंबर आला की ध्वजदिनाचा डबा येतो. पूर आला, भूकंप झाला की एक दिवसाच्या पगाराचे परिपत्रक निघते. देण्याची ही रीत आपल्या अंगवळणी पडलेली आहे.

आज मला या वर्गणीविषयीच चार शब्द सांगावयाचे आहेत; मात्र ती एका अशा कामासाठी, की ज्याचे नाव त्या कागदावर लिहावयास आपला हात जरा अडखळतो. ते काम म्हणजे एड्सविरुद्धचा जगभरचा लढा.

कुणी म्हणेल, आजारासाठी इस्पितळे आहेत, सरकारे आहेत. कचेरीचा इथे संबंध काय? मी अर्थशास्त्र शिकवतो, तेव्हा उत्तरही त्याच बाजूने देतो. बहुतेक साथी लहान मुलांवर आणि वृद्धांवर झडप घालतात. हा आजार मुख्यतः कमावत्या वयातील माणसाला धरतो. शाळेतला मास्तर, खाणीतला मजूर, ट्रकचा ड्रायव्हर, रुग्णालयातली परिचारिका – ज्यांच्या मिळकतीवर घर चालते, तीच माणसे गेली. दक्षिण आफ्रिकेतील खाणींच्या धंद्यात हा घाला इतका मोठा होता, की अँग्लो अमेरिकन या खाणकंपनीने २००२ साली आपल्या कामगारांना एचआयव्हीवरील औषधे स्वखर्चाने देण्याचे जाहीर केले. त्यात भूतदया होतीच, पण हिशेबही होता. कसबी कामगार गमावण्यापेक्षा त्याला जगवणे स्वस्त पडते, हे कंपनीला दिसून आले होते. सारांश, हा आजार कामाच्या जागी आधीच येऊन बसलेला होता. त्याच्याशी लढण्याचे बळही तिथूनच उभे राहावे, यात नवल नाही.

आता एक उदाहरण पाहू. न्यूयॉर्क शहरात ब्रॉडवे नावाची नाटकांची पेठ आहे. १९८० नंतरच्या दशकात या पेठेवर एड्सची मोठी अवकळा पसरली. नट गेले, नर्तक गेले, वेषभूषाकार गेले, संगीतकार गेले. कालपर्यंत शेजारच्या आरशासमोर बसून रंग लावणारा सोबती आज रंगपटात नाही, असे एकामागून एक होऊ लागले. औषध नव्हते. पुष्कळदा घरच्यांनीही पाठ फिरवलेली असे. अशा वेळी १९८७ च्या ऑक्टोबरात तेथील नटांच्या कामगार संघटनेच्या मंडळाने एक निधी काढला. पुढच्याच वर्षी निर्मात्यांच्या मंडळींनी दुसरा काढला. १९९२ साली हे दोन्ही निधी एक झाले. आरंभीचा हेतू साधा होता: आपल्याच आजारी सोबत्याचे घरभाडे, त्याचे जेवण, त्याचा दवाखाना.

पैसे जमवण्याची त्यांची रीत ऐकण्यासारखी आहे. वर्षातले ठरावीक आठवडे, प्रयोग संपून नटमंडळी अभिवादनासाठी पुन्हा रंगमंचावर आली, की त्यांच्यातला एक जण दोन पावले पुढे येतो आणि प्रेक्षकांना मिनिट-दोन मिनिटांत निधीची हकिगत सांगतो. प्रेक्षक बाहेर पडू लागतात, तेव्हा दारापाशी नाटकातलीच मंडळी, कित्येकदा रंगसुद्धा न उतरवता, हातात लाल बादल्या घेऊन उभी असतात. कीर्तन संपल्यावर आपल्याकडे आरतीचे तबक फिरते, त्याचीच ही बहीण म्हणा ना. १९८९ पासून त्यांनी या कामाला चढाओढीचेही रूप दिले: कोणत्या नाटकाने किती जमवले, हे हंगामाच्या शेवटी एका खास कार्यक्रमात जाहीर होते. १९८८ पासून आजवर या निधीत तीस कोटी डॉलरांहून अधिक रक्कम जमली आहे. ती एखाद्या कुबेराच्या थैलीतून आलेली नाही. तिचा फार मोठा भाग रोजच्या रोज बादलीत पडलेल्या नोटांचा आणि चिल्लरीचा आहे.

एड्सची खूण म्हणून आपण छातीवर लावतो ती लाल फीतही याच शहरातली. १९९१ साली तेथील काही कलावंतांनी ती काढली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये नाट्यपारितोषिकांच्या समारंभात जेरेमी आयर्न्स हा नट ती लावून आला, तेव्हा ती सर्वांच्या नजरेत भरली.

या उदाहरणात मला महत्त्वाची वाटते ती रक्कम नव्हे, क्रम. या मंडळींनी आधी आपल्या शेजारच्या माणसाला जवळ केले आणि मग त्याच्यासाठी हात पसरला. जवळच्याला दूर लोटून दूरच्यासाठी वर्गणी काढली असती, तर ती बादली भरली असती की नाही, याची मला शंका आहे.

हे झाले एका पेठेचे. जगाच्या पातळीवर गोष्ट अधिक अवघड होती. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याचा उपचार निघाला आणि श्रीमंत देशांत मरणारी माणसे उठून कामावर जाऊ लागली. पण त्या उपचाराचा खर्च माणशी वर्षाला दहा हजार डॉलरांच्या वर होता. आफ्रिकेतल्या मजुराने तो कोठून आणावा? इथे आपल्या मुंबईचा संबंध येतो. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीचे प्रमुख डॉ. युसूफ हमीद यांनी हीच तीन औषधे, सीमेपलीकडील डॉक्टरांच्या सुप्रसिद्ध सेवासंस्थेला, वर्षाला ३५० डॉलरांत, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी खर्चात, देऊ केली. दहा हजारांवरून साडेतीनशे! आजवर जी वर्गणी समुद्रात टाकलेल्या मिठासारखी वाटत होती, तिला एकाएकी अर्थ आला.

पुढच्याच वर्षी, २००२ साली, एड्स, क्षय आणि हिवताप या तिन्हींशी लढण्यासाठी जिनिव्हात जागतिक निधी स्थापन झाला. त्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक पैसा सरकारांचा असतो. परंतु २००६ पासून ‘रेड’ नावाच्या योजनेतून व्यापारी कंपन्या आपल्या काही वस्तूंच्या विक्रीतला वाटा या निधीला देतात, आणि त्या वाटेने सत्तर कोटी डॉलरांहून अधिक रक्कम तेथे पोचली आहे. त्याआधी, १९९४ पासून, सौंदर्यप्रसाधनांच्या एका कंपनीने एका ओठरंगाची सर्व किंमत एड्सच्या कामाला देण्याचा पायंडा पाडला, तोही चांगला फळला. आपला देशही केवळ घेणाऱ्यांच्या रांगेत नाही. २०१९ साली भारताने या निधीला दोन कोटी वीस लाख डॉलर देण्याचे वचन दिले होते.

या साऱ्याचे फळ काय? संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २००४ साली एड्सने जगात सुमारे एकवीस लाख माणसे नेली. २०२४ साली हा आकडा सुमारे सहा लाख तीस हजारांवर आला. त्या वर्षी चार कोटी आठ लाख माणसे हा विषाणू घेऊन जगत होती आणि त्यांपैकी तीन कोटी सोळा लाखांना औषध मिळत होते.

मग आता काळजी कसली? श्रोतेहो, काळजी आहे. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या सरकारने परदेशी मदत एकाएकी थांबवली. पुढे काही भाग सुरू झाला. पण तेवढ्यात आफ्रिकेतील अनेक दवाखान्यांची दारे बंद झाली आणि आरोग्यसेवकांना घरी जावे लागले. त्याच वर्षी जागतिक निधीने तीन वर्षांसाठी अठरा अब्ज डॉलरांची मागणी मांडली, पण नोव्हेंबरात सुमारे ११.३ अब्जांपर्यंतची वचने मिळाली. या आजाराचे औषध घेऊन थांबवता येत नाही. ते रोज आणि जन्मभर घ्यावे लागते. पैशात खंड पडला की गोळीत खंड पडतो, आणि गोळीत खंड पडला की दबलेला विषाणू पुन्हा डोके वर काढतो.

आता कुणी म्हणेल, ‘अहो बुवा, जिथे अब्जांची तूट, तिथे आमच्या कचेरीतले दहा रुपये काय करणार?’ प्रश्न रास्त आहे. म्हणून थोडा हिशेब करू. आज नेहमीच्या एकत्रित गोळ्यांची वर्षाची किंमत जागतिक निधीला माणशी चाळीस डॉलरांच्या आत पडते, म्हणजे ढोबळ मानाने साडेतीन हजार रुपये. एका कचेरीत तीस माणसे आहेत आणि प्रत्येकाने दरमहा दहा रुपये दिले, असे धरा. वर्षाचे झाले तीन हजार सहाशे. एका माणसाची वर्षभराची गोळी! तपासणी, डॉक्टर, वाहतूक हा खर्च वेगळा, हे खरे. पण दोन कटिंग चहांच्या आत एका माणसाचे वर्ष बसते, हेही तितकेच खरे.

हा पैसा परदेशीच गेला पाहिजे, असेही नाही. जागतिक लढ्याची एक आघाडी आपल्या दारात आहे. भारतात सुमारे पंचवीस लाख लोक एचआयव्हीसह जगतात आणि राज्यवार पाहता त्यांची सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्रात आहे. २००४ च्या एप्रिलपासून आपल्याकडे सरकार औषध फुकट देऊ लागले. पण औषध फुकट असले तरी केंद्रापर्यंतचे एस.टी.चे भाडे फुकट नसते, बुडालेला रोज भरून मिळत नाही, आणि गोळी पचवण्यासाठी पोटात अन्न लागते. आईबाप गेलेल्या मुलांची शाळा आहे. इथे लहान वर्गणीला मोठे काम आहे.

ती गोळा कशी करावी, याविषयी दोन-तीन गोष्टी सुचवतो. पहिली ही, की नावे आणि आकडे यांचा कागद फिरवू नये; बंद डबा ठेवावा. साहेबांचा आकडा पाहून दिलेल्या पैशात दान थोडे आणि धाक फार असतो. पगारातून कापावयाचे असेल, तर प्रत्येकाची लेखी संमती घ्यावी आणि ‘नको’ म्हणणाऱ्याला कारण विचारू नये. दुसरी ही, की संस्था निवडताना तिचा तपासलेला हिशेब मागावा. आणि किती जमले, कुठे दिले, याची पावती सूचनाफलकावर लावावी. पावती दिसली की पुढच्या वर्षी डबा अधिक जड होतो. तिसरी ही, की वर्षातून एकदाच गाजावाजा करण्यापेक्षा दरमहा थोडे द्यावे. गोळी रोजची आहे, तेव्हा देणेही नेमाचे हवे.

पण या सर्वांहून मोठी गोष्ट शेवटी सांगतो. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एक खटला आला. एका सार्वजनिक संस्थेतील हंगामी कामगार, अंगाने धडधाकट, कामाला लायक. तपासणीत एचआयव्ही आढळला, म्हणून त्याचे नाव यादीतून काढून टाकले गेले. त्याचे खरे नाव उघड न करता केवळ अक्षरांनी खटला चालला. न्यायालयाने निर्वाळा दिला, की जो काम करू शकतो आणि ज्याच्यापासून इतरांना धोका नाही, त्याची भाकरी या कारणासाठी हिरावून घेता येणार नाही. पुढे २०१७ साली संसदेने याविषयी कायदाच केला. नोकरी देताना एचआयव्हीच्या तपासणीची अट घालता येत नाही, आजारावरून भेदभाव करता येत नाही, आणि शंभर किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत तक्रार ऐकणारा अधिकारी नेमावा लागतो.

कायदा झाला, पण तो कचेरीच्या जेवणाच्या टेबलापर्यंत पोचला आहे काय? एका डब्यातली पोळी खाल्ल्याने, एका पेल्यातले पाणी प्यायल्याने, शेजारी बसल्याने हा आजार होत नाही, हे आपण सारे परीक्षेपुरते जाणतो. एवढेच नव्हे, तर नियमित औषधाने ज्याच्या रक्तातील विषाणू तपासणीत सापडेनासा होतो, त्याच्याकडून शरीरसंबंधातूनही तो दुसऱ्याला जात नाही, हे आता शास्त्राने सिद्ध केले आहे. तरीही कुणाविषयी नुसती कुजबुज झाली, की त्याच्या टेबलाशी चहा थांबतो. मग तो माणूस गोळ्यांची डबी ड्रॉवरच्या तळाशी लपवतो, केंद्रावर जाण्यासाठी खोट्या कारणाची रजा काढतो, आणि एके दिवशी ते सारे असह्य होऊन औषधच सोडतो. अशा कचेरीने डब्यात हजारो रुपये जमवले, तरी तिने एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले, असेच म्हणावे लागेल.

१९८८ पासून १ डिसेंबर हा जागतिक एड्स दिन पाळला जातो. त्या दिवशी आपल्या कचेरीत डबा जरूर ठेवा. पण त्याआधी एक विचार प्रत्येकाने मनाशी करावा. या डब्यात पैसे टाकणाऱ्यांच्या रांगेत कदाचित एखादा असा सहकारी असेल, की ज्याला स्वतःलाच ती गोळी लागते आणि ज्याने हे कुणालाही सांगितलेले नाही. ते सांगण्याची सक्ती त्याच्यावर कुणी करू नये. मात्र सांगावेसे वाटले, तर त्याला भीती वाटू नये, इतकी आपली कचेरी मोकळी आहे ना, हे पाहणे आपल्या हाती आहे. आणि त्याला वर्गणीही लागत नाही.