आधी पाणी, मग प्रश्न

१८ जुलै २०२१ ला मध्यरात्रीनंतर मुसळधार पावसात चेंबूरच्या माहुल भागात, भारतनगरमध्ये, घरांवर भिंत कोसळली. अशा वेळी धीर द्यायला गेलेला माणूस हटकून विचारतो, ‘नेमकं काय झालं हो?’ इथंच चुकतं. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची मानसिक प्रथमोपचार पुस्तिका सांगते, बोलण्याचा आग्रह नको. आधी पाणी, निवारा, ताटातूट झालेल्या नातलगांचा शोध. समुपदेशकाला गप्प बसायलाही शिकावं लागतं, आणि तेच जड जातं! पुढं उपचार सुरू झाले की समुपदेशकाला पथ्यं आलीच. उसनवारी नाही, सलगी नाही, वस्तीत वाच्यता तर नाहीच. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार गोपनीयता बंधनकारक आहे. मात्र कुणाच्या जिवाला धोका असेल, तर गरजेपुरती माहिती देता येते.