विंचवाच्या भारुडाचा अर्थ



मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या मुंबईकडील तोंडाशीं कळंबोली आहे. जुन्या गांवाभोंवतीं सिडकोनें वसाहत उभारली. मुंबईच्या कर्नाक बंदराकडील लोखंडाचा बाजार तेथें हलविण्यांत आला, आणि बाजारामागून सातारा-सांगलीकडील माथाडी कामगारांचीं बिऱ्हाडेंही आलीं. गणेशोत्सवांत अशा वस्तीच्या मंडपांत एकनाथांचें विंचवाचें भारूड लागलें, कीं मुलें विंचू चावल्याचें सोंग घेऊन उड्या मारूं लागतात आणि वडील मंडळी हसूं लागतात. वाईजवळच्या पसरणीस १९२३ सालीं जन्मलेले शाहीर साबळे यांनीं आपल्या खड्या आवाजांत हें भारूड घरोघर पोंचविलें, तें या हसण्याच्याच वाटेनें. त्यांत वावगें कांहीं नाहीं. नाथांनीं जोशी, वासुदेव, गोंधळी, आंधळा, बहिरा अशीं नाना सोंगें भारुडांत आणलीं, तीं रस्त्यानें जाणाऱ्या माणसाचे पाय थांबविण्यासाठींच.

मात्र अर्थ विचारला, तर उत्तर तयार असतें: विंचू म्हणजे काम आणि क्रोध. परीक्षेंत या उत्तरास पूर्ण गुण मिळतात. परंतु एवढ्यानें भारूड समजलें म्हणणें म्हणजे कोय हातीं धरून आंबा खाल्ला म्हणण्यासारखें आहे. रूपकाचा आंतला अर्थ बाहेरच्या वस्तूच्या अनुभवावर उभा असतो. सहाव्या मजल्यावर वाढलेल्या मुलानें विंचू पाहिलेलाच नसतो. गोवऱ्या उचलतांना नांगी बसली आणि आजी रात्रभर कशी विव्हळली, हें त्याला कोणी सांगत नाहीं. लोकांची श्रद्धा उणावली म्हणून भारुडांचा अर्थ हरपला, अशी तक्रार वरचेवर ऐकूं येते. खरें कारण साधें आहे. आधीं विंचू हरपला.

तेव्हां विंचवाचीच ओळख पुन्हा करून घेतली पाहिजे. आणि त्यासाठीं फार दूर जावयास नको. कळंबोली ज्या रायगड जिल्ह्यांत आहे, त्याच जिल्ह्यांतील महाड भागांत डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं १९७६ पासून लाल विंचवाच्या दंशाचा पाठपुरावा केला. या दंशानें रुग्ण घामानें न्हाऊन निघतो, ओकाऱ्या होतात, हातपाय गार पडतात. विष भिनलें कीं हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी भरतें. पूर्वी शेंकडा पंचवीस-तीस रुग्ण दगावत. मूळचें रक्तदाबावरील प्राझोसिन हें औषध वेळेवर देण्याची रीत डॉक्टरांनीं रूढ केली, आणि तें प्रमाण फारच खालीं आलें. २०२२ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली.

आतां भारूड पुन्हा ऐकावें. दंश होतांच नाथ अंगावर घाम आणतात, आणि त्या घामाला तमोगुणाचें नांव देतात. मग पंचप्राण व्याकुळ होतात, मग सर्वांगाची आग होते. डॉक्टरांच्या टिपणांत जो घाम आरंभींच्या लक्षणांत आहे, तोच येथेंही आरंभीं आहे. ही कल्पनेची आतषबाजी नव्हे. विंचू लागलेलें माणूस नाथांनीं जवळून पाहिलेलें असलें पाहिजे. आणि क्रोधाची चालही नेमकी हीच. डंख क्षणाचा असतो. झोंबणारा शब्द कानांत शिरण्यास कितीसा वेळ लागतो? सारा अंमल त्यानंतर, विष अंगांत चढूं लागल्यावर सुरू होतो. ज्यानें विंचवाचा चढता ठणका सोसला आहे, त्यास हें निराळें समजावून द्यावें लागत नाहीं.

पुढें नाथ माणसालाच इंगळी म्हणतात, आणि तिची नांगी सर्वांत दारुण ठरवितात. कोणी याचा अर्थ नरदेह असा करतात. तो अर्थ लागतो खरा, पण थोडा ओढाताणीचा वाटतो. माणसाला माणसाकडून होणारा दंश, हा सरळ अर्थ सोडण्याचें कारण दिसत नाहीं.

उताऱ्याच्या ठिकाणीं मात्र विशेष जपून ऐकावें लागतें. विंचू उतरविणारा मांत्रिक, त्याचा अंगारा, हें सगळें चित्र नाथ जसेंच्या तसें उचलतात. भोळा श्रोता येथें मान डोलावतो: पाहा, संतांनींही अंगारा सांगितला! पण त्या अंगाऱ्यांत राख नाहींच. राखेच्या जागीं सत्त्वगुण ठेवला आहे. मांत्रिकाच्या झोळींतून मंत्र काढून घेतला आहे. हा फरक केवळ पंडितांच्या चर्चेचा नव्हे. दंश झाल्यावर पहिले तास मोलाचे असतात, आणि ते तास अंगाऱ्यांत गेल्यामुळें कोंकणांत कित्येक घरांतून माणसें गेलीं आहेत. रूपकाला शब्दशः धरलें, तर तें असें जिवावर बेततें.

शेवटच्या चरणांत तर नाथांनीं मोठाच प्रामाणिकपणा दाखविला आहे. सत्त्वगुणाचा उतारा दिला, तमोगुण हटला, विंचू उतरला. तरीही थोडी ठसठस उरलीच, असें ते कबूल करतात. ती शमविली त्यांच्या गुरूंनीं, देवगिरीच्या जनार्दनस्वामींनीं. राग गिळून, समोरच्याला क्षमा करून घरीं आलेला माणूस रात्रीं अंथरुणावर या कुशीचा त्या कुशीला होत असतो, तेव्हां त्याला लागलेली असते ती हीच ठसठस. मंडपांतल्या गलबल्यांत हा चरण बहुधा ऐकूं येत नाहीं. तोंवर मुलांच्या उड्या संपलेल्या असतात आणि कोणी तरी पुढचें गाणें लावलेलें असतें.