एका कानाची गाणी

(कोजागरीच्या रात्री सोसायटीच्या अंगणात केलेलं हे भाषण. स्मरणिकेसाठी आठवेल तसं लिहून काढलं आहे. मधले हशे वगळले आहेत, फार नव्हतेच.)



‘तुमच्या छंदाबद्दल बोला’ असं सेक्रेटरींनी सांगितलं तेव्हा मला वाटलं, झाडांबद्दल बोलायचं असेल. ते म्हणाले, “झाडं नको ओ, ती इंग्रजी गाणी. ज्याच्यावरून अर्ज आला होता ती.” म्हणजे सोसायटीच्या दप्तरात माझ्या छंदाची नोंद ‘आवाजाचा त्रास’ अशी आहे. अर्ज देणारे आज समोरच बसले आहेत. त्यांचं काही चुकलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो.

गाणी बीटल्सची. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल गावची चार पोरं. 1960 ते 1970, दहाच वर्षं टिकलेला बँड. मला तो लागला 1978 ला, अप्रेंटिसशिपसाठी मुंबईला होतो तेव्हा. लालबागच्या खोलीत माझा रूम पार्टनर गोव्याचा. त्याच्याकडे टेपरेकॉर्डर एक आणि कॅसेट तीन, तिन्ही बीटल्सच्या. शब्द कळायचे नाहीत. पण आमच्या भजनी मंडळात वाढलेल्या माणसाला चार गळे एकत्र आले की काय होतं ते कळतं. पुढे इकडं येऊन साखर कारखान्यात टर्बाइनवर नोकरी केली. त्या आवाजात कान जातील असं घरचे म्हणायचे. ते काही गेले नाहीत. गेला तो निवृत्तीनंतर, एका सकाळी उठलो तर उजवा कान बंद.

इथं गाण्याचा विषय जरा बाजूला ठेवतो, कारण हे तुमच्या उपयोगाचं आहे. मला वाटलं मळ असेल. लसणाचं कोमट तेल घातलं. शेक घेतला. लग्नसराई होती, म्हटलं नंतर बघू. असे बावीस दिवस घालवले. मग डॉक्टर म्हणाले, कान अचानक बंद झाला तर पहिल्या दिवसांतच यायचं असतं; दोन आठवड्यांच्या आत स्टेरॉइडची औषधं सुरू झाली तर ऐकू परत येण्याची आशा जास्त. तुम्ही उशीर केला. उशीर मीच केला होता, दुसऱ्या कुणी नाही. तुमचा कान असा गेला तर तेलाची बाटली बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दाखवा.

एक कान गेला की माणूस आवाज वाढवतो. मीही वाढवला आणि त्यावरून अर्ज आला. मुलानं कानात घालायचे इअरफोन आणून दिले. लावले, आणि पहिल्या एलपीतलं ‘ट्विस्ट अँड शाउट’ लावलं. गिटार वाजतंय, ड्रम वाजतोय, आणि गाणाराच नाही! लांब विहिरीतून यावा तसा कुठंतरी बारीक आवाज. मला वाटलं आता दुसराही कान चालला. खरं सांगतो, त्या दिवशी मी जेवलो नाही. बायकोला कारण सांगितलं नाही. एवढ्या वयाचा माणूस इंग्रजी गाण्यातला आवाज येत नाही म्हणून बसलाय, हे सांगायचं कसं?

कारण नंतर कळलं, आणि इलेक्ट्रिकल माणसाला ते कळल्यावर हसू आलं. ती एलपी 1963 ची. त्यातली दहा गाणी 11 फेब्रुवारीला एका दिवसात रेकॉर्ड झाली. मशीन दोनच ट्रॅकचं. एका ट्रॅकवर वाद्यं, दुसऱ्यावर गळे. हेतू असा की शेवटी दोन्ही नीट मिसळून एकच मोनो करायचं. तेव्हा घरोघर मोनोच होतं. पण स्टिरिओ काढताना वाद्यं डावीकडे आणि गळे उजवीकडे, असेच ठेवले गेले. दोन कान असलेल्याला ते रुंद वाटतं. माझा उजवा कान बंद, म्हणजे गाणाराच बाहेर गेलेला. इअरफोन उलटे घातले तर नुसता गळा, वाद्यं नाहीत. सनई-चौघडा वेगळा आणि वरात वेगळी.

तसाच एकदा फोन चालू ठेवून झोपाळ्यावर बसलो होतो. माझं गाणं संपलं आणि फोननं आपल्या मनानं पुढचं लावलं. ‘विथ अ लिट्ल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स’, पण गाणारा भलताच. जो कॉकर. शेफील्डचा हा गडी आधी गॅस फिटर होता, म्हणजे आपल्यातलाच. त्याचं रेकॉर्ड 1968 चं. तोवर गळा मधोमध ठेवायची पद्धत पडत चालली होती, त्यामुळे माझ्या एका कानात तो अख्खाच्या अख्खा उतरला.

आणि केलंय काय त्यानं! मूळ गाणं 1967 चं, रिंगोनं गायलेलं, केरव्यासारखं सरळ चार मात्रांचं, मित्रांत बसून म्हणावं तसं. कॉकरनं ते सहा मात्रांवर घेतलं, म्हणजे आपल्या दादऱ्याच्या वजनावर, आणि संथ केलं. रिंगोच्या तोंडी ते मजेचं वाटतं. कॉकर म्हणतो तेव्हा वाटतं, या माणसाला खरोखरच कुणाचा तरी हात पाहिजे.

तिथून माझी यादी सुरू झाली. नियम एकच : बीटल्सचं गाणं, पण गाणारा दुसरा. आणि एकूण पंचेचाळीस मिनिटं, नव्वदच्या कॅसेटची एक बाजू. कोल्हापुरात कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी घेऊन दुकानात गाणी भरायला दिलेल्यांना हा हिशेब कळेल. शेवटचं गाणं मध्येच तुटलं की कसं वाटायचं, तेही आठवेल.

माझा गोव्याचा मित्र फोनवर म्हणाला, “ही सगळी डुप्लिकेट गाणी रे.” मी म्हटलं, तुझ्या त्या पहिल्या एलपीत चौदापैकी सहा गाणी दुसऱ्यांची आहेत. ‘ट्विस्ट अँड शाउट’सुद्धा त्यांचं नव्हे. आणि एकच अभंग भीमसेनजी गातात, आपलं भजनी मंडळ गातं, गणपतीत बेंजो पार्टी वाजवते. डुप्लिकेट कोण? तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “बेंजो पार्टी.”

यादीतली सगळी सांगत नाही, तीन-चार सांगतो. रे चार्ल्सचं ‘यस्टर्डे’, 1967. हे गाणं मॅकार्टनीला स्वप्नात सुचलं आणि शब्द मिळेपर्यंत त्यानं चालीवर अंडाभुर्जीचे शब्द घातले होते. मूळ गाताना तो तेवीसच्या आतबाहेरचा. रे चार्ल्स तेव्हा पस्तिशी ओलांडलेला, लहानपणीच दृष्टी गेलेला. ‘काल’ म्हणजे काय हे मला त्याच्याकडून जास्त पटतं.

अरीथा फ्रँकलिनचं ‘लेट इट बी’. हिचा अल्बम आला 1970 च्या जानेवारीत आणि बीटल्सची रेकॉर्ड मार्चमध्ये. म्हणजे दुसऱ्याचं गाणं हिनं आधी बाजारात आणलं! मूळ कुठलं, नक्कल कुठली, हे मित्राला विचारलंय. उत्तर अजून आलेलं नाही. विल्सन पिकेटचं ‘हे जूड’ घेतलंय ते शेवटच्या गिटारसाठी. ती वाजवणारा ड्वेन ऑलमन. ते गाणं रात्री दहानंतर लावत नाही, कमिटीनं नोंद घ्यावी.

‘द इनर लाइट’ मात्र घ्यायचंच होतं, कारण त्यात मुंबई आहे. जॉर्ज हॅरिसननं त्याचं संगीत 1968 च्या जानेवारीत मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत आपल्या वादकांकडून करून घेतलं. गळा नंतर लंडनला चढवला. हॅरिसन गेल्यावर वर्षानं, 2002 ला, लंडनमध्ये त्याच्या आठवणीत कार्यक्रम झाला. त्यात ते जेफ लिननं गायलं, सतारीवर रविशंकरांची मुलगी अनुष्का. ती सतार माझ्या डाव्या कानात आली की मी फोन खाली ठेवतो.

आमच्या सौ.नी एक गाणं घुसवलंय. ‘जानवर’ चित्रपटातलं ‘देखो अब तो’, 1965, शंकर-जयकिशन, शम्मी कपूर. चाल सरळसरळ ‘आय वाँट टू होल्ड युवर हँड’ची. मी म्हटलं, हे कव्हर नव्हे, उचलेगिरी आहे. त्या म्हणाल्या, तुमच्या यादीत मला ओळखता येईल असं एक तरी गाणं असू दे. असू दिलं. खरं म्हणजे यादीत सगळ्यात जास्त वेळा तेच वाजतं.

दिवाळीला नात आली. तिनं माझा फोन घेतला, सेटिंगमध्ये गेली, ‘मोनो ऑडिओ’ असं एक बटण असतं ते चालू केलं, आणि ‘ट्विस्ट अँड शाउट’ लावून फोन माझ्याकडे दिला. दोन्ही बाजू एकाच कानात. गाणारा परत आला. सर्दीनं घसा धरलेल्या लेननचा तो आवाज, दिवसातलं शेवटचं रेकॉर्डिंग, जसा लालबागच्या खोलीत ऐकला होता तसा. तिनं विचारलं, “आजोबा, आता ही दुसऱ्यांची यादी डिलीट करू?”

मी फोन काढूनच घेतला तिच्याकडून.

यादी पेनड्राइव्हवर घालून सेक्रेटरींकडे दिली आहे, दूध आटेपर्यंत पुरेल. आवाज तुम्हीच ठरवा, माझ्यावर सोपवू नका. आणि सहावं गाणं लागलं की कुणीतरी आमच्या सौ.ना आतून बोलवा.