सुया, गोष्ट आणि सण
(हीरकमहोत्सवी स्नेहसंमेलनात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



अशा प्रसंगी मुख्याध्यापिकेने शाळेची प्रगती सांगावी, असा संकेत आहे. ती अहवालात छापलेली आहेच. मी आज एका मांजराविषयी बोलणार आहे.

आइसलँड या बेटावर नाताळचे एक मांजर आहे. सणापूर्वी ज्याला एकही नवे वस्त्र मिळाले नाही, त्याला ते अक्राळविक्राळ मांजर खाऊन टाकते, अशी तेथील लोककथा. १९३२ मध्ये योहान्नेस उर कोत्लुम या कवीने त्यावर कविता केली आणि मांजर घरोघरी पोहोचले. या भयामागे एक व्यवहार होता, असे सांगतात. घरातली लोकर नाताळापूर्वी पिंजून, कातून, विणून संपवायची. जो राबला त्याला निदान नवे मोजे मिळत. आळशी मांजराच्या वाट्याला!

मला त्याहून मोलाची वाटते ती तेथील जुनी 'क्व्होल्दवाका', म्हणजे हिवाळ्यातली सायंकाळची बैठक. डिसेंबरात तेथे दिवस जेमतेम चार-पाच तासांचा. शेतघरातील सारी माणसे एका खोलीत जमून लोकरीचे काम करीत. पुरुषही विणत, आणि त्यांना त्यात कमीपणा वाटत नसे. हे आपल्या मुलग्यांच्या कानांवर घालण्याजोगे आहे. एक जण तेवढा जुन्या वीरकथा वाचून दाखवी किंवा पद्ये गाई. हात गुंतलेले, कान मोकळे. एवढ्याशा बेटाची भाषा टिकली, तिच्यात या बैठकांचा वाटा मोठा मानतात.

हे वाचताना मला श्रावणातली माझी आजी आठवली. पुढ्यात कापूस, बोटांखाली वात आणि मुखी शुक्रवारची कहाणी. गौरी येईपर्यंत वाती वळून होत, वस्त्रमाळा तयार होत आणि आम्हा मुलांना कहाण्याही पाठ झालेल्या असत.

आपले हे शहर उत्तरेतले, थंडी कडाक्याची; म्हणून शाळेत विणकामाचा तास असे. बाई सुलट-उलट टाके शिकवता शिकवता गोष्ट सांगत. कुणाचा टाका सुटला, की गोष्ट थांबे आणि सारा वर्ग त्या मुलावर रुसे. तो तास काही वर्षांपूर्वी मीच बंद केला. संगणकासाठी वेळ हवा होता. कुणी तक्रारही केली नाही. पुढे ध्यानात आले, की मुले मराठीत उत्तम गुण मिळवतात, पण मराठीत भांडत नाहीत. घरी हिंदी, मैदानावर हिंदी. मराठी उरली उत्तरपत्रिकेत. विणकामाच्या तासाला पुस्तक नव्हते, परीक्षा नव्हती. तेथे मराठी नुसती बोलली जात होती. संगणक हवाच होता. दुसरा कोणता तास कमी करता येईल, हे मी तेव्हा शोधलेच नाही.

येत्या मार्गशीर्षापासून शनिवारचा शेवटचा तास पुन्हा विणकामाचा. प्रत्येक मुलाने संक्रांतीपर्यंत एक मफलर पुरा करायचा आणि तिळगुळाबरोबर आपल्या आवडत्या माणसाला द्यायचा. लोकर काळीच आणू. संक्रांतीला काळे का चालते, तेही त्यानिमित्ताने सांगता येईल. सुया आणि लोकर शाळा देईल. गोष्टी सांगायला मात्र आजी-आजोबा हवे आहेत, माजी विद्यार्थीही चालतील. कृपया कार्यालयात नावे द्यावीत. विणता येत नसले तरी संकोच नको. मोज्याची टाच मलाही अजून जमलेली नाही.